दहा ते पाच ओहोटी

दसरा उलटला की उज्जैनला एक विचित्र ऊन पडतं. पावसाळा तर गेलेला असतो, थंडी अजून बडनगर रोडवर कुठेतरी रेंगाळत असते, आणि मधल्या त्या दिवसांत हवा अशी कोरडी ठणठणीत होते की वाळत घातलेला परकर अर्ध्या तासात पापडासारखा कडक. अशा उन्हात माणसाने गाद्या घालाव्यात, डबे घासावेत, फार तर चकलीच्या भाजणीचा विचार करावा. आमच्या मुक्ताच्या डोक्यात मात्र यंदा मासे शिरलेत. मुक्ता माझी नात, कॉलेजात आहे. तिला फ्रीगंजमधल्या आमच्या बैठकीत काचेची एक छोटीशी पेटी ठेवायची आहे. आणि त्यात साधे मासे नकोत बाईसाहेबांना. समुद्राचे हवेत, खाऱ्या पाण्यातले.

टावर चौकाजवळच्या दुकानदाराने तिला म्हणे समजावलं, "छोटा टैंक है तो मछली कम लो, और सबका नेचर मिलना चाहिए।" तेव्हापासून ती सोफ्यावर लोळत फोनमधून मला स्थळं वाचून दाखवते. हा दिसायला देखणा, पण दुसऱ्यांना चावतो. हा गरीब, पण हातभर वाढतो. हा एकटा राहिला की झुरतो. पाणी आधी नुसतंच मुरू द्यायचं, मग एकेक मासा सोडायचा, घाई करायची नाही. मी भाजी निवडता निवडता ऐकते. हुंडा सोडला तर सगळी चौकशी अगदी लग्नासारखी.

"आजी, तू सांग ना, कोणता घेऊ?"

"निवटी घे," मी म्हटलं.

"ती कोण?"

आता ती कोण हे सांगायचं तर मला माझ्या आईपासून सुरुवात करावी लागते, आणि मुक्ताला तेवढी फुरसत नव्हती. तुम्हाला असेल तर बसा.

ज्या वर्षी मध्यभारत नावाचं राज्य मोडून त्याचं मध्यप्रदेश झालं, त्या वर्षीचा हाच मोसम, हेच ऊन. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. माझे बाबा सरकारी दफ्तरात हेडक्लार्क. त्यांनी नोकरी धरली तेव्हा ग्वाल्हेरच्या महाराजांचं राज्य होतं. मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, मध्यभारत झालं. आता राजधानी भोपाळ होणार आणि बाबांचं खातं तिकडे जाणार, असं ठरलं. दर वेळी राज्य बदललं की आमचं घर बदलायचं. उज्जैनहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून शाजापूर, शाजापूरहून पुन्हा उज्जैन. आई म्हणायची, "राज्यं ह्यांची मोडतात आणि बरण्या माझ्या फुटतात."

आई रेवदंड्याची. घराच्या मागल्या दारी खाडी, पुढच्या दारी समुद्र. लग्न होऊन आली ती थेट माळव्याच्या काळ्या मातीत. त्यात आमची जात मासे खाणारी असली तरी घराणं खाणारं नव्हे. पणजोबांनी एका सिंहस्थात कुणा बैराग्याच्या शब्दाखातर मासे सोडले, आणि ते एकट्याने सोडायचे तर सगळ्या पुढच्या पिढ्यांच्या वतीने सोडले. आईला हे लग्नानंतर कळलं. तिच्या वडलांनी लग्नात एकच गोष्ट मागितली होती, दर मे महिन्यात मुलीला समुद्रावर पाठवा. बाबांनी भर मांडवात शब्द दिला होता.

शब्द दिला तो दिलाच, पण रजा कुठून आणायची? दफ्तरातल्या सगळ्यांच्या रजेचे अर्ज बाबांच्या टेबलावरून साहेबांकडे जात. दुसऱ्याच्या अर्जावर ते उदार मनाने शिफारस करत. स्वतःच्या अर्जावर मात्र "सध्या कामाची निकड" असा शेरा मारून तो स्वतःच घरी परत आणत.

"साहेब नाही म्हणाले?" आई विचारायची.

"साहेबांपर्यंत कशाला जाऊ द्यायचा? नामंजूर होण्यासारखाच होता."

तेव्हा भोपाळची बातमी आली त्या संध्याकाळी आईने पोळ्या लाटता लाटता जाहीर केलं, "मी भोपाळला येणार नाही. तुम्ही बापलेकी जा. मी रेवदंड्याला जाते, आणि आता जाते ती परत यायची नाही." आवाज चढवला नाही, लाटणं आपटलं नाही. आई चिडली की आपटायची. आपटलं नाही म्हणजे खरं होतं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची तिची लग्नातली ट्रंक खाली आली आणि उन्हात उघडून ठेवलेली मला दिसली. मी घाबरले.

बाबाही घाबरले असणार, पण हेडक्लार्क माणूस घाबरला तरी पद्धतशीर घाबरतो. तिसऱ्या दिवशी ते गोपाळमंदिराजवळ देवांच्या तसबिरी मढवणाऱ्या नंदरामकडे मला घेऊन गेले. त्याला म्हणाले, चारी बाजूंनी काचेची पेटी बनव, त्यात पाणी भरायचं आहे.

नंदरामने हातातली तसबीर खाली ठेवली. "बाबूजी, भगवान को मढ़ता हूँ। पानी को कैसे मढ़ूँ?"

"समंदर बनाना है," बाबा हळूच म्हणाले, जसं काही आजूबाजूला मध्यप्रदेशचे हेर फिरत होते.

मला तेव्हा उलगडा झाला. आई समुद्राकडे जाते म्हणते ना, मग समुद्रच इकडे आणू. भोपाळला जाताना ट्रकमध्ये बसवून नेऊ. रजा टाकण्यापेक्षा हे माणसाला सोपं वाटलं! आज हसू येतं, पण त्या दिवशी नंदरामच्या दुकानात बाबा इतके गंभीर होते की मला त्यांची भारी माया आली.

पेटी आली, गळली, फटींना लांबी भरून परत आली, परत गळली. शेवटी बैठकीच्या कोपऱ्यात परातीत बसवली तेव्हा कुठे स्थिर झाली. आई येता जाता पेटीकडे बघायची नाही, म्हणजे बघायचीच, पण तोंड फिरवून. एका रविवारी बाबांनी क्षिप्रेचं पाणी गाळून पेटीत भरलं आणि त्यात मीठ विरघळवलं. आता समुद्र करायचा तर मीठ उत्तमातलं उत्तम हवं, म्हणून त्यांनी बाजारातून सैंधव आणलं. उपासाला चालतं ते, गुलाबी खड्यांचं, सगळ्यात शुद्ध. खलबत्त्यात स्वतः कुटलं. मग आईला हाक मारली.

आई आली. पदराला हात पुसला, एक बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. बाबा परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे.

"हा समुद्र नव्हे," आई म्हणाली. "ही एकादशी आहे."

आणि ती हसली! भोपाळची बातमी आल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा आधी ओशाळले आणि मग तेही हसायला लागले. ते पाणी ओतून दिलं. आईने लोणच्यासाठी ठेवलेलं जाडं मीठ काढलं आणि आमटीची चव बघावी तशी चव बघत नवा समुद्र केला. "अजून एक मूठ. हां. आता जरा जास्तच खारट, भरतीचं झालं, तांब्याभर पाणी घाला. आता बरोबर." कुठल्याही यंत्राने मोजलं असतं तर काय निघालं असतं कोण जाणे, पण आईच्या जिभेवर रेवदंडा होता आणि तो तिने पेटीत उतरवला.

मग प्रश्न आला माशांचा. रात्रीची जेवणं झाली की बाबा आरामखुर्चीत बसून एकेक नाव पुढे करत, आणि आई सुपारी कातरत निकाल देई.

"बोई कसा?"

"छान. कोकम घालून."

"मी स्वभाव विचारतोय, चव नाही."

"स्वभाव चवीतच कळतो. बरं, बोई उड्या मारतो. सकाळी जमिनीवर सापडेल."

"पापलेट?"

"पाण्याबाहेर काढलं की संपलं. रतलामपर्यंतसुद्धा पोचायचं नाही. फार नाजूक, तुमच्या इंदूरच्या आत्याबाईंसारखं."

"बांगडा?"

"बांगड्याला पलटण लागते. एकटा बांगडा कुणी पाहिलाय? तुमच्या पेटीत बांगडे म्हणजे मटक्यात बारात."

"शिंगाळा?"

"भांडखोर मेला. काटा लागला तर हात सुजतो. आधीच घरात एक मी आहे."

तांबोशी मोठी होते, काळुंदर पोरांच्या वेळी चवताळते, मांदेली तर नुसती मेलेली मोजायला आणायची. मला आठवतं ते हे की ह्या चौकशांत आईचा आवाज बदलत गेला. मासे सांगता सांगता ती किनाऱ्यावरची खडपं सांगू लागली, मचवे सांगू लागली, गुडघाभर चिखलात रुतलेली तिची बहीण सांगू लागली. जन्मभर मी हिच्या कुशीत झोपले आणि हिला पोहता येतं हे मला त्या रात्री कळलं. मला जरा रागच आला, की इतकं सगळं होतं तर आम्हाला कधी सांगितलं का नाही. आम्ही कधी विचारलं होतं?

शेवटी आई स्वतःच म्हणाली, "निवटी येईल."

खाडीच्या चिखलात असते ही निवटी. बोटाएवढी, मातीच्या रंगाची, डोळे डोक्यावर बसवलेले. मासाच तो, पण ओहोटीला पाणी गेलं की चिखलावर बसून राहतो, पंखांवर टेकून चालतो, उड्या मारतो. अंग ओलं असलं की झालं. "पाणी असलं तर पाण्यात, नसलं तर चिखलात," आई म्हणाली. "कुठेही न्या, तक्रार नाही."

"सरकारी नोकरीला लायक आहे," बाबा म्हणाले, आणि निवटीची नेमणूक पक्की झाली.

निवट्या घेऊन आला आईचा धाकटा भाऊ, आमचा भाऊमामा. मुंबईला नोकरीला होता, रविवारी रेवदंड्याला जाऊन चिखलासकट निवट्या भरून आणल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा मांडीवर घेऊन गाडीत बसला. रतलामच्या अलीकडे तिकीट तपासनीसाने वास घेऊन विचारलं, डब्यात काय आहे. मामा म्हणाला, "समुंदर का तीर्थ है, महाकाल को ले जा रहा हूँ।" त्या भल्या माणसाने डब्याला हात लावून कपाळाला लावला. आईने हे ऐकून मामाच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच महाकाळाची क्षमा मागितली.

पेटीत एका बाजूला बाबांनी नदीकाठच्या काळ्या मातीचा उतार केला होता. निवट्या त्यावर चढून बसल्या आणि डोळे गरागरा फिरवत आमच्याकडे बघू लागल्या. आम्ही त्यांच्याकडे. आख्खी गल्ली येऊन बघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासणारी गेंदाबाई स्वयंपाकघरातून किंचाळत बाहेर आली, "बाई, मच्छी चल री है! मच्छी देवघर में जा री है!" दोन निवट्या खरोखरच माठाखालच्या ओलीवरून देवांच्या दिशेने निघाल्या होत्या. बाबा धोतर सावरत मागे, मी सूप घेऊन पुढे, आणि आई उंबऱ्यात उभी राहून हसत होती. पणजोबांनी मोठ्या निष्ठेने घराबाहेर काढलेले मासे असे आपल्या पायांनी परत आले. पेटीवर जाळी बसली. उन्हातली ट्रंक बंद झाली, पण माळ्यावर काही गेली नाही. ती भिंतीशी तशीच उभी होती आणि मी रोज तिच्याकडे बघून मगच शाळेत जायची.

काही दिवसांनी निवट्या सुस्तावल्या. उडी नाही, डोळे फिरवणं नाही. काचेला चिकटून तोंड उघडं. आई पेटीसमोर पाटावर बसून राहिली.

"ह्यांना ओहोटी नाही," ती म्हणाली. "पाणी येतं आणि जातं तेव्हा जगतात त्या. नुसतं उभं पाणी घेऊन काय करतील?"

बाबा दफ्तराला निघाले होते. टोपी काढून ठेवली. तांब्या आणला, आणि बादलीत पाणी उपसून चिखल उघडा केला. संध्याकाळी आले की हातपाय धुवायच्या आधी ते पाणी परत घातलं. झालं, तेव्हापासून आमच्या समुद्राला दहा ते पाच ओहोटी लागू झाली. रविवारी आणि सुटीच्या दिवशी भरती. ज्या दिवशी भोपाळला जायच्या फायलींचे गठ्ठे बांधण्यात बाबांना उशीर झाला, त्या दिवशी समुद्रही खोळंबला. हे सगळं करताना ते आईला एकदाही "मग येतेस ना?" असं म्हणाले नाहीत. मला ओरडावंसं वाटायचं की विचारा हो, एकदा विचारा तरी. ते फक्त पाणी काढत आणि घालत.

पण आमची हवा! ज्या उन्हात परकर कडक होतो तिथे निवटीचं काय होणार? जाळीवर आई ओलं फडकं घालायची, ते तासाभरात वाळायचं. एक मेली. मग आणखी एक. आई त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी बाबांना म्हणाली, "अहो, निवडल्या बरोबर होत्या. जागा चुकली. उरलेल्या मी सोडून येते. त्यांच्याबरोबर मीही राहते."

ट्रंकेची कडी लावलेली मी ऐकली. बाबांनी डबा उचलून बघितला आणि म्हणाले, "एकटी कशी नेशील? डबा जड आहे. मी येतो."

"रजा?"

"घेतो."

आणि खरंच घेतली. दफ्तर बांधाबांधीत उलटंपालटं झालेलं असताना हेडक्लार्क रजेवर गेला म्हणून साहेबांनी स्वतः शिपाई पाठवून प्रकृतीची चौकशी केली.

आम्ही तिघं निघालो. आगगाडी, मग मुंबईहून लाँच, मग एस.टी. डबा आईच्या मांडीवर, आणि ती सारखी फडकं ओलं करत होती. रेवदंड्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती, खरीखुरी. मामाच्या बंद घराची किल्ली शेजारून घ्यायच्याही आधी ती खाडीवर गेली. नऊवारीचा काचा मारला, चिखलात उतरली आणि डबा आडवा केला. निवट्या क्षणभर थबकल्या आणि मग टुणटुण उड्या मारत गेल्या. तिथे तशाच शेकडो होत्या. आमच्या कोणत्या, ते लगेच ओळखू येईना.

काठावर एक कोळीण टोपली घेऊन बसली होती, वीस-बावीस वर्षांची. आई चिखलाने माखलेली, चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी पाहिला नव्हता. तिने टोपलीत डोकावून विचारलं, "कैसे दिए, बाई?"

कोळीण खुदकन हसली. "पाव्हनी कुठशी गो तू? हिंदी बोलतंस?"

आईच्या लक्षातच आलं नव्हतं. भाजीबाजारात, गेंदाबाईशी, टांगेवाल्याशी रोज बोलते तसं ती बोलून गेली होती.  मागे खाडी, पुढे तिचा स्वतःचा समुद्र, आणि ती पोर उत्तराची वाट बघत होती.

"उज्जैनची," आई म्हणाली.

मग येऊन बाबांच्या शेजारी कातळावर बसली आणि रडली. "मला वाटत होतं मी इथलीच आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्याच्यावरच तर काढली."

बाबांना हवं होतं तेच झालं होतं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ते म्हणाले, "तू राहा इथे. हवं तितकं राहा. मीच आणायला हवं होतं दर साली, नाही आणलं. मला तुझ्याशिवाय भोपाळला घर लावता येणार नाही, पण ते मी बघीन. तू राहा." एवढं सलग ते आयुष्यात पहिल्यांदा बोलले असतील.

आईने पदराने नाक पुसलं. भरती सुरू झाली होती आणि पाणी तिच्या चिखलभरल्या पावलांपर्यंत येऊन परत जात होतं.

"भोपाळला म्हणे मोठा तलाव आहे," ती म्हणाली.

"आहे म्हणतात."

"त्याचा पलीकडचा काठ दिसतो का?"

दुसरा कोणी नवरा असता तर नाही दिसत म्हणून मोकळा झाला असता. बाबा म्हणाले, "चौकशी करून सांगतो."

"करा. आणि दिसत असला तर घर लांब बघा. दिसत नसला तर जवळ."

काठ दिसत होता. बाबा आधी एकटे जाऊन आले आणि त्यांनी खरं काय ते सांगितलं. आईने विचार केला आणि म्हणाली, "जवळच बघा." पुढे वीसेक वर्षं ती त्या घरात राहिली. थंडीत सकाळी तलावावर धुकं दाटलं की पलीकडचं काही दिसायचं नाही. त्या दिवशी ती बाबांना हाक मारून खिडकीशी बोलवायची, आणि दफ्तराला उशीर झाला तरी बाबा उभे राहायचे.